वाचक विचारतात : प्रवासात व्हीपीएन लावायचं की नाही?

प्रश्न : माही संत्र्याची बाग आहे. मालाच्या कामानं नागपूरले, दिल्लीले जानं-येनं असते. स्टेशनवर फुकटचं वायफाय लावतो, लॉजवरबी लावतो. पोरगं म्हनते, व्हीपीएन टाकल्याबिगर बँकेचं काम करू नका. मोबाईलच्या दुकानवाला म्हनते, त्यानंच पैसे अडकतात. खरं काय आहे, सांगा जी.
— संत्रा बागायतदार, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात अर्धं अर्धं तथ्य आहे. तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घेऊ. बागेतून माल निघतो तेव्हा क्रेट बंद असतात आणि वर आडत्याचं नाव असतं. वाटेतल्या नाक्यावर नाव वाचता येतं, आतला माल दिसत नाही. आजची बहुतेक संकेतस्थळं आणि बँकांची अ‍ॅप अशाच बंद क्रेटमधून माहिती पाठवतात. लॉजच्या वायफायवाल्याला तुम्ही कोणत्या बँकेशी जोडले गेलात ते कळू शकतं, पण पिन, शिल्लक आणि रक्कम त्याला दिसत नाही. व्हीपीएन लावलं की हे सगळे क्रेट एका मोठ्या बंद कंटेनरमध्ये जातात. कंटेनर आधी व्हीपीएन कंपनीच्या गोदामात पोचतो आणि तिथून माल ज्याचा त्याच्याकडे जातो. मग नाक्यावर ‘गाडी गोदामाकडे चालली’ एवढंच दिसतं. मात्र क्रेटवरची नावं आता गोदामवाल्याला दिसतात. म्हणून व्हीपीएन घेताना पहिला प्रश्न हाच, की गोदाम कोणाचं?

आता पैसे अडकण्याचं कारण. अ‍ॅप उघडून ‘जलद जोडणी’ दाबली की बरेचदा सिंगापूर नाही तर नेदरलँड्सचा सर्व्हर, म्हणजे तिथलं गोदाम, लागतो. बँकेला वाटतं, काल वरूडला असलेला खातेदार आज परदेशातून येतोय, आणि ती व्यवहार रोखते. पैसे त्यामुळे चोरीला जात नाहीत, पण काम खोळंबतं. यूपीआय आणि बँकेचं काम स्वतःच्या सिमच्या डेटावर करा, त्यासाठी व्हीपीएनची गरज नाही. लॉजवर रेंजच नसेल आणि वायफायशिवाय पर्याय नसेल, तर व्हीपीएन लावून भारताचा सर्व्हर निवडा. तरीही बँक अडवत असेल तर व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये ‘स्प्लिट टनेलिंग’ शोधा आणि बँकेचं व यूपीआयचं अ‍ॅप त्यातून वगळा. ती अ‍ॅप थेट जातील, बाकीचं कंटेनरमधून जाईल.

भारताचा सर्व्हर निवडला तरी तो भारतात असतोच असं नाही. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेनं २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला. ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, ईमेल आणि त्याला दिलेला आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) ही नोंद व्हीपीएन कंपन्यांनी ५ वर्षं जपून ठेवावी, असं त्यात आहे. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन आणि प्रोटॉन या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढले. यांतल्या काही कंपन्या आता सिंगापूरसारख्या ठिकाणच्या यंत्रांवरून भारताचा आयपी देतात. बँकेला तो भारतीय दिसतो, पण माहिती सिंगापूरला जाऊन येते म्हणून अंमळ उशीर लागतो.

आता स्टेशनवरच्या ‘रेलवायर’ या रेल्वेच्या वायफायबद्दल. रोज पहिली ३० मिनिटं १ एमबीपीएस वेगानं फुकट मिळतात. वायफाय जोडल्यावर एक पान उघडतं, त्यात मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकायचा असतो. व्हीपीएन आधीच चालू असेल तर हे पान उघडतच नाही, कारण लॉगिन होईपर्यंत इंटरनेट बंद असतं आणि व्हीपीएनला त्याचा सर्व्हर सापडत नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा : व्हीपीएन बंद, वायफाय जोडा, ओटीपी टाका, मग व्हीपीएन चालू. तरीही पान आलं नाही तर फोनच्या सेटिंगमधला ‘प्रायव्हेट डीएनएस’ तात्पुरता ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. फुकटच्या ३० मिनिटांसाठी कोणी कार्डाचा नंबर किंवा यूपीआय पिन मागितला, अ‍ॅप टाकायला सांगितलं, तर ते वायफाय रेल्वेचं नाही. तेच नाव देऊन कोणीही आपल्या मोबाईलवरून हॉटस्पॉट सुरू करू शकतो. फोन नाव ओळखून आपोआप जोडला जातो, म्हणून गाडीत बसल्यावर ते नेटवर्क ‘फरगेट’ करून टाका.

आणि वायफायपेक्षा मोठा धोका व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. ‘ई-चलान’, ‘पीएम किसान’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावांच्या एपीके फायली, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून येणारी अ‍ॅप, एसएमएस वाचण्याची परवानगी मागतात आणि ओटीपी पळवतात. व्हीपीएन तिथे काही करू शकत नाही, कारण चोर कंटेनरच्या आतच बसलेला असतो. पैसे गेले तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तर ती गोठवता येण्याची शक्यता असते.

प्रश्न : मी मेळघाटात शिक्षिका आहे. धारणी–परतवाडा जाणं-येणं असतं. शाळेची माहिती फोनवरून भरते आणि लॅपटॉपला फोनचाच हॉटस्पॉट देते. मुलीने व्हीपीएन टाकून दिलं, पण सेमाडोहच्या पुढे ते गोल गोल फिरत राहतं. कधी मेसेज जातात, फोटो जात नाहीत. काय बदलू?
— शिक्षिका, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : ताई, ‘मेसेज जातात, फोटो जात नाहीत’ हे तुम्ही लिहिलंत म्हणून दोष नेमका सापडतो. इंटरनेटवर माहिती छोट्या छोट्या पाकिटांत जाते आणि व्हीपीएन प्रत्येक पाकिटाभोवती आणखी एक वेष्टण घालतं. वायरगार्ड या व्हीपीएनच्या पद्धतीत ते ६० ते ८० बाइटचं असतं. लहान पाकीट निघून जातं, मोठं पाकीट वाटेतल्या मर्यादेबाहेर जातं आणि मुकाट्याने टाकून दिलं जातं. सेटिंगमध्ये ‘एमटीयू’ (पाकिटाचा कमाल आकार) असेल तर १४२० च्या जागी १२८० करा. एमटीयू दिसतच नसेल तर प्रोटोकॉल, म्हणजे व्हीपीएनची पद्धत, बदलून पाहा.

प्रोटोकॉल निवडताना रेंज ये-जा करणाऱ्या रस्त्यावर वायरगार्ड ठेवा. टॉवर बदलला, फोनचा पत्ता बदलला तरी ते गुपचूप पुढे चालू राहतं. ‘ओपनव्हीपीएन टीसीपी’ ही दुसरी पद्धत अशा रस्त्यावर अडखळते. हरवलेलं पाकीट आतलं अ‍ॅपही पुन्हा मागतं आणि बाहेरचं व्हीपीएनही पुन्हा मागतं, दोघांची गर्दी होऊन सगळंच तुंबतं. मात्र पंचायत समितीच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर वायरगार्ड अजिबात लागत नसेल तर तिथे यूडीपी, म्हणजे वायरगार्ड ज्या प्रकारची पाकिटं वापरतं तो प्रकार, अडवलेला असतो. तेवढ्यापुरतं ओपनव्हीपीएन टीसीपी, पोर्ट ४४३ निवडा. ते साध्या सुरक्षित संकेतस्थळाच्याच दारातून जातं म्हणून सहसा अडत नाही.

गोल गोल फिरण्याची आणखी दोन कारणं असतात. अँड्रॉइडच्या व्हीपीएन सेटिंगमध्ये ‘ऑल्वेज-ऑन’ आणि त्याखाली ‘व्हीपीएनशिवाय जोडणी रोखा’ अशी दोन बटणं आहेत. दुसरं चालू असेल तर व्हीपीएन तुटताच फोनचं सगळं इंटरनेट थांबतं. अनोळखी वायफायवर ते हवंच, पण जंगलातल्या रस्त्यावर त्यामुळे तुमची भरलेली माहिती अडकून पडते. ते बंद ठेवा. दुसरं कारण बॅटरी. बरेच फोन मागे चालणारं अ‍ॅप बॅटरी वाचवायला मारून टाकतात. अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. फोनवर व्हीपीएन चालू असलं तरी त्याच्या हॉटस्पॉटवर जोडलेला लॅपटॉप व्हीपीएनच्या बंद बोगद्यातून जात नाही. अँड्रॉइडवर आणि आयफोनवर नेहमीची रीत हीच आहे. लॅपटॉपला हवं असेल तर लॅपटॉपवरच वेगळं टाकावं लागतं. तशी तुमच्या बाबतीत घाई नाही. स्वतःच्या सिमच्या डेटावर सरकारी पोर्टल भरताना व्हीपीएनने फारसं काही साधत नाही. उलट परदेशी सर्व्हर लागला असेल तर काही सरकारी संकेतस्थळं उघडतच नाहीत. पोर्टल ‘डाउन’ आहे असं वाटलं की आधी वरच्या पट्टीत किल्लीचं चिन्ह दिसतंय का ते बघा.

प्रश्न : देसाईगंजहून पुण्याला अभ्यासाला आलोय. होस्टेलच्या वायफायवर सगळेच फुकटचं व्हीपीएन वापरतात. महिन्याचे पैसे भरणं परवडत नाही. फुकटचं चालेल का?
— विद्यार्थी, जि. गडचिरोली

उत्तर : सर्व्हर आणि बँडविड्थ फुकट मिळत नाही. तुम्ही पैसे देत नसाल तर ते कोण देतं, ते आधी शोधा. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणांनी ‘९११ एस५’ नावाचं जाळं बंद केलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, शाइनव्हीपीएन अशी फुकटची अ‍ॅप टाकणाऱ्यांचे संगणक त्यात ओढले गेले होते. जवळपास २०० देशांतले १.९ कोटींहून जास्त आयपी पत्ते गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. गुन्हा दुसऱ्याने करायचा आणि पत्ता तुमच्या खोलीचा दिसायचा. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेलं ओनावो हे ‘संरक्षण’ देणारं अ‍ॅप लोक कोणती अ‍ॅप किती वापरतात याची माहिती त्याच कंपनीला पुरवत होतं. २०१८ मध्ये ते अ‍ॅपलच्या स्टोअरमधून काढावं लागलं.

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेसह काही संशोधकांनी २०१६ मध्ये अँड्रॉइडची २८३ व्हीपीएन अ‍ॅप तपासली. १८ टक्के अ‍ॅप माहिती कुलूपबंद करतच नव्हती आणि ८४ टक्के अ‍ॅपमधून आयपीव्ही६ ची (नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांची) वाहतूक बोगद्याबाहेर गळत होती. आपल्याकडे मोबाईल नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास वापरात आहे, म्हणून ही गळती स्वतः तपासा. व्हीपीएन बंद ठेवून ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी पत्ता’ शोधा आणि आलेले दोन्ही आकडे लिहून ठेवा. ठिपक्यांचा आयपीव्ही४ आणि दुहेरी टिंबांचा लांबलचक आयपीव्ही६. मग व्हीपीएन लावून पुन्हा बघा. दोन्ही बदलले पाहिजेत, किंवा लांबलचक आकडा नाहीसा झाला पाहिजे. जुना आकडा एकही दिसला तर ते अ‍ॅप काढा.

पैसे नाहीतच, तर ज्या कंपन्या पैसे देणाऱ्या ग्राहकांवर चालतात आणि फुकटचा मर्यादित भाग ठेवतात, त्यांच्याकडे जा. प्रोटॉनच्या फुकट योजनेत डेटाची मर्यादा नाही, पण देश निवडता येत नाही आणि एका वेळी एकच यंत्र चालतं. होस्टेलसाठी तेवढं पुरतं. अ‍ॅप प्ले स्टोअरमधूनच घ्या, टेलिग्रामवर फिरणारं ‘प्रीमियम अनलॉक’ एपीके कधीही नको. व्हीपीएनला संपर्क, एसएमएस, कॉलनोंदी यांची गरज नसते. ते मागणाऱ्या अ‍ॅपला दारातूनच परत पाठवा.

व्हीपीएनने गुगल खात्यातली नोंद, फोनचं जीपीएस आणि तुम्ही स्वतः फॉर्ममध्ये भरलेलं नाव झाकलं जात नाही. अनेक मुलांचा यात गैरसमज असतो.

प्रश्न : शेतातल्या गोठ्यावर आणि घरी कॅमेरे लावले. बाहेरगावी असताना मोबाईलवर बघता यावं म्हणून बसवणाऱ्याने राउटरमध्ये ‘पोर्ट उघडून’ दिला. भाचा म्हणतो ते धोक्याचं आहे, व्हीपीएन लावा. पण कॅमेऱ्याला व्हीपीएन कसं लावायचं?
— शेतकरी, ता. मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : भाचा बरोबर सांगतोय, आणि तुमचा प्रश्न अनेक घरांचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोर्ट उघडणं म्हणजे वाड्याच्या मागच्या भिंतीला दार पाडणं. तुम्हाला आत येता येतं, तसं जगातल्या कोणालाही कडी हलवून बघता येते, आणि हे काम यंत्रं रात्रंदिवस करत असतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने कारखान्याचा मूळ पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर असेच ताब्यात घेतले होते. म्हणून आजच दोन कामं करा. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (हेच ते पाडलेलं दार) आणि यूपीएनपी (यंत्रांना आपोआप दार उघडू देणारी सोय) बंद करा, आणि कॅमेऱ्याचा व डीव्हीआरचा (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा) पासवर्ड बदला.

यानंतर बाहेरून बघण्यासाठी घरातच व्हीपीएनचा सर्व्हर ठेवायचा. इथे गोदाम तुमचं स्वतःचं असतं, कोणत्याही कंपनीचं नाही. अनेक नव्या राउटरमध्ये वायरगार्ड येतंच. सेटिंगमध्ये ‘व्हीपीएन सर्व्हर’ बघा. तिथे मिळालेला क्यूआर कोड फोनच्या वायरगार्ड अ‍ॅपने स्कॅन केला की काम होतं. नेहमीचा पोर्ट ५१८२०, यूडीपी. हा पोर्ट उघडा असला तरी किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून शोधणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही.

गावाकडे अडचण येते ती पब्लिक आयपीची. फायबर कंपनी असो की सिमवरचा राउटर, अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला असतो. त्याला सीजीनॅट म्हणतात. ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ बघा आणि ब्राउझरमधला ‘माझा आयपी’ बघा. दोन्ही वेगळे असतील तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, आणि बाहेरून येणारी जोडणी घरापर्यंत पोचणारच नाही. मग एक तर कंपनीकडून स्थिर आयपी विकत घ्या, नाही तर टेलस्केलसारखी सेवा वापरा. तिचं खाजगी वापराचं खातं फुकट आहे. तीही आतून वायरगार्डच वापरते, पण दोन्ही टोकं स्वतःहून बाहेर पडून एकमेकांना शोधतात. त्यासाठी घरी रास्पबेरी पाय (छोटासा संगणक) किंवा लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉप सतत चालू ठेवून तो ‘सबनेट राउटर’, म्हणजे घरच्या बाकी यंत्रांपर्यंत वाट देणारा, करावा लागतो. गोठ्यावर सिमचा राउटर असेल तर तिथे यापैकी एक यंत्र वेगळं लागेल.

सगळं नीट लावूनही लॉजवर कॅमेरा दिसत नाही, असं होतं. कारण साधं आहे. तुमच्या घरचं नेटवर्क १९२.१६८.१ ने सुरू होतं आणि लॉजचंही. फोन कॅमेऱ्याला लॉजमध्येच शोधत बसतो. घरच्या राउटरचा तिसरा आकडा आधीच बदलून घ्या, १ च्या जागी ७३ चालेल. मग कॅमेऱ्यांचे पत्ते आणि वायरगार्डमधले ‘अलाउड आयपी’ (बोगद्यातून जाणाऱ्या पत्त्यांची यादी) हेही तसेच बदला. अलाउड आयपीमध्ये फक्त घरचं नेटवर्क ठेवा, म्हणजे कॅमेरे तेवढे बोगद्यातून येतील आणि यूपीआय नेहमीच्या वाटेने जाईल. ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा, नाही तर थोडा वेळ शांतता राहिली की मधलं नेटवर्क वाट बुजवून टाकतं.

डेटाचा हिशेबही करून ठेवा. मुख्य चित्र २ एमबीपीएसचं असेल तर तासाला सुमारे ९०० एमबी जातात. सबस्ट्रीम, म्हणजे कॅमेऱ्याचं कमी दर्जाचं दुसरं चित्र, ५१२ केबीपीएसवर ठेवली तर सुमारे २३० एमबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर गोठा बघायचा तर सबस्ट्रीमच हवी. आणि वीज गेली की हे सगळंच बंद. राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. तो घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा जुळवून घ्या, कमी अँपिअरचा घेतला तर भार येताच राउटर बंद-चालू होत राहतो.

प्रश्न : तालुक्याला गेलो की झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सअ‍ॅप लावून आधारची प्रिंट काढतो. त्या संगणकावर व्हीपीएन असेल तर चालेल ना?
— ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. व्हीपीएन रस्त्यावर पहारा देतं, आणि तुमचं आधार तर दुकानाच्या संगणकात ‘डाउनलोड’मध्ये पडून राहतं. फाइल स्वतःसमोर डिलीट करून रिसायकल बिनही रिकामा करायला सांगा. फोनच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून तो संगणक लॉगआउट करा. फक्त ब्राउझर बंद करून भागत नाही. आणि जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात.

प्रश्न : भाऊ इलेक्ट्रिशियनच्या कामाला दुबईला चालला आहे. तिथे व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाही, व्हीपीएन टाकून ने असं सगळे सांगतात. टाकून द्यावं का?
— ता. पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : कॉलसाठी नका टाकून देऊ. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या सायबर कायद्यात, गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलणाऱ्याला कैद, ५ लाख ते २० लाख दिरहम दंड किंवा दोन्ही आहे. तिथे बंद असलेली सेवा व्हीपीएनने उघडणं या कलमात ओढलं जाऊ शकतं. कामगाराने ही जोखीम का घ्यावी? व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आणि आवाजाचे निरोप चालतात. बोलण्यासाठी बोटिमसारखं परवानगी असलेलं अ‍ॅप दोघांच्याही फोनमध्ये निघण्याआधीच टाका आणि घरी एकदा लावून बघा.

बँकेची तयारी जास्त महत्त्वाची आहे. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच सुरू करून घ्या, म्हणजे ओटीपी येत राहतील, आणि नंबरचं रिचार्ज संपू देऊ नका. बँकेचं अ‍ॅप तिथल्या वायफायवर अडलं तर भारतीय सिमचा रोमिंग डेटा पाच मिनिटं चालू करावा. रोमिंगची वाहतूक सहसा भारतातल्या कंपनीतूनच फिरून जाते, त्यामुळे बँकेला भारतीय पत्ता दिसतो. पुढे एनआरई किंवा एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं) खातं काढलं तर तिथल्या नंबरवरही यूपीआय घेता येतं. २०२३ मध्ये त्यासाठी १० देशांच्या नंबरना परवानगी मिळाली, त्यात अमिराती आहे. बँक ही सोय देते का, ते मात्र खातं काढतानाच विचारा.

प्रश्न : गावातून ४० जण वैष्णोदेवीला चाललो आहोत. व्हीपीएन वापरणं गुन्हा आहे का?
— ता. चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : भारतात व्हीपीएन वापरणं कायदेशीर आहे. पण जम्मू-काश्मीरमध्ये जिल्हा दंडाधिकारी काही काळापुरती बंदी घालू शकतात. मे २०२५ मध्ये जम्मू विभागातल्या काही जिल्ह्यांत तशी ती घातली गेली होती. निघण्याच्या आठवड्यातल्या बातम्या बघा, आणि बंदी असेल तर अ‍ॅप फोनमधून काढूनच जा. त्याहून निकडीचं म्हणजे बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम तिथे चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. ४० जणांत निदान चार-पाच पोस्टपेड नंबर असू द्या, ते वेगवेगळ्या कंपन्यांचे असू द्या, आणि कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा. प्रत्येकाच्या फोनचा आयएमईआय नंबरही त्याच कागदावर घ्या. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की तो दिसतो. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार करून ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर तो बंद करायला हाच नंबर लागतो, आणि तो पाहायला तेव्हा फोन हातात नसतो.